यकृताला काय आठवतं

ॲडलेड, २९ जून

तोमा,

स्लाव्कोच्या अंत्यविधीला मी आले होते. तू पाहिलंस आणि चर्चच्या पायऱ्यांवर माझ्याकडे पाठ करून उभा राहिलास. ठीक आहे. तीन वर्षांपूर्वी मी समितीपुढे म्हणाले की तुमचे ट्यूना पाळायचे पिंजरे बेटापासून लांब न्यायला हवेत, तेव्हापासून माझ्या वाट्याला ती पाठच येते आहे. पण त्या पेटीत काय होतं आणि काय नव्हतं हे माहीत असलेली माणसं तिथे मोजकीच होती आणि त्यांत आपण दोघं होतो. निदान त्या दिवशी तरी तू वळायला हवं होतंस.

पत्र त्यासाठी लिहीत नाही. गावात उलटसुलट ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. सरकारी बोटीने गळ टाकून पकडलेला शार्क तपासणीसाठी माझ्याकडे आला आहे. मृत्यूची चौकशी होणार आणि त्यात मला साक्ष द्यावी लागणार.

परवा किनाऱ्यावर मी त्याला फाडत होते तेव्हा तू तुझ्या गाडीला टेकून उभा होतास. मागून कोणी तरी ओरडलं, "नेदा, जरा हळू काप गं, तुझ्या लाडक्याला दुखेल!" सगळे हसले. तू हसला नाहीस. ते मी लक्षात ठेवलं आहे, उगीच.

पोटात सीलचं पिल्लू निघालं. माणसाचं काही नाही. स्लाव्कोला मारणारा हाच तो शार्क असं त्यामुळे म्हणता येत नाही, आणि हा तो नव्हे असंही म्हणता येत नाही. यागोदाला मी हे सगळ्यांच्या आधी जाऊन सांगितलं, नवरा तिचा गेलाय. ती म्हणाली, "म्हणजे मला त्याचं अजून काय पुरायचं राहिलंय?"

पोटात कालचं जेवण असतं. मला त्यामागचं बघायचं आहे. म्हणून मी यकृताचा तुकडा घेतला, पाठीचं मांस घेतलं आणि कण्याचे चार मणके घेतले. प्राणी जे खातो त्यातूनच त्याचं शरीर बनतं. कार्बन आणि नायट्रोजन यांचे काही अणू जरा जड असतात, काही हलके. त्यांचं प्रमाण समुद्रासमुद्रात वेगळं असतं आणि शिकाऱ्यागणिक वाढत जातं. ते मोजलं की त्याने कुठलं आणि कोणत्या पायरीवरचं खाल्लं ते कळतं. यकृत सारखं नव्याने बनत राहतं, त्याला गेल्या काही महिन्यांचंच आठवतं. मांसाला वर्ष-दीड वर्षाचं आठवतं. मणक्यांतली वर्तुळं जन्मापासूनचं सगळं धरून ठेवतात.

हे तुला का सांगते आहे ते आज लिहीत नाही.

आईचे गुडघे सुजलेत. तिला डॉक्टरकडे ने. मी सांगितलं की ऐकत नाही.

नेदा


ॲडलेड, १२ जुलै

तोमा,

ग्वेनची बोट बुडवली हे ऐकलं. नांगरावर उभी होती, तळातली झडप उघडून दिली आणि सकाळी फक्त डोलकाठी वर. पोलीस म्हणतात कोणी पाहिलं नाही. आपल्या गावात कोणाच्या घरी कोणता मासा शिजतो हे पलीकडच्या गल्लीत कळतं, आणि एवढी बोट बुडाली ती मात्र कोणालाच दिसली नाही.

काल ग्वेन माझ्याकडे आली होती. साठी उलटलेली बाई, प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर बसून होती. म्हणाली, "मी आमिष टाकत नाही. बावीस वर्षं पर्यटकांना पिंजऱ्यातून शार्क दाखवतेय, पण पाण्यात नुसतं संगीत सोडते. तेवढ्यावर येतात ते. हे तुझ्या भावाला माहीत आहे. त्याने माझ्या बोटीवर बसून ते पाहिलंय, हसलाय. आणि तोच सभेत उठून म्हणतो की ग्वेनने शार्कना चटक लावली, ग्वेनने स्लाव्कोला मारलं."

मी तिला म्हटलं की मी साक्षीदार आहे, माझ्याशी याबद्दल बोलू नकोस. ती उठली. जाताना म्हणाली, "तू पण त्याचीच बहीण."

तू खरंच तसं म्हणालास का, तोमा? स्लाव्को तुझा कूम होता. तुझ्या लेकीचा धर्मपिता. तुझं दुःख मला समजतं. पण तुझा आवाज त्या सभेत सगळ्यांत मोठा होता असं आई सांगते, आणि तू लहानपणापासून खरं बोलताना हळू बोलतोस.

मागच्या पत्रात राहिलेलं आता लिहिते. मे महिन्यात तुझा फोन आला होता. तीन वर्षांत पहिला. मी भाजी चिरत होते, सुरी हातात तशीच राहिली. तू आधी आईबद्दल बोललास, मग हवेबद्दल, मग अगदी सहज विचारलंस, "एक सांग, एखाद्या जागी शार्कना आयतं खायला मिळत असलं आणि ते बंद झालं, तर ते किती दिवस तिथे घोटाळतात?" मी म्हटलं, "दोन-तीन आठवडे. मग पांगतात. का रे, ट्यूना सोडून आता शार्क पाळतोस काय?" तू हसलास. मीही हसले. तू फोन केलास याचाच मला इतका आनंद झाला होता की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही.

तू तेव्हा कोणासाठी विचारत होतास?

यकृत अजून गोठवलेलंच आहे. पुढच्या आठवड्यात काढीन.

नेदा


ॲडलेड, ५ ऑगस्ट

तोमा,

उत्तर आलं नाही. मी वाट बघितली.

साक्षीदाराने दुसऱ्या साक्षीदाराला असं लिहायचं नसतं. माझे वरिष्ठ मला परवा पुन्हा बजावून गेले. त्यांना मी सांगून टाकलंय की तोमा वुकोविच माझा सख्खा भाऊ आहे आणि त्याचे पिंजरे त्याच खाडीत आहेत. न्यायालयालाही कळवलं आहे. त्यांनी काम माझ्याकडेच ठेवलं, पण प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग डनीडनच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावला. तिथे मेरेआना नावाची बाई आहे, तिला फक्त क्रमांक दिलेत. ती कोणाची बहीण नाही.

माझे आकडे आले.

मणके सांगतात, ही मादी लहानपणी मासे खाऊन वाढली, मोठी झाल्यावर सीलवर गेली, दक्षिणेच्या थंड पाण्यात खूप फिरली. मांसही तेच सांगतं. सगळं जसं असायला हवं तसं. आणि यकृत मात्र भलतंच बोलतं. गेल्या काही महिन्यांत तिने जे खाल्लं त्यातला कार्बन आपल्या समुद्रातला नाही.

तू पिंजऱ्यातल्या ट्यूनाला जी गोठवलेली तारली घालतोस ती दुसऱ्या महासागरातून जहाजाने येते. ती खाऊन वाढलेल्या ट्यूनाच्या अंगात तोच परका आकडा उतरतो. उघड्या समुद्रातल्या ट्यूनात तो नसतो. सीलमध्ये नसतो. आपल्याकडच्या कुठल्याही मासळीत नसतो. ह्या शार्कने पिंजऱ्यातला ट्यूना खाल्ला आहे, आणि एकदा-दोनदा नाही, पोट भरून, कित्येक आठवडे.

आता नीट वाच. पिंजरे धड आहेत, जाळी कुठे फाटलेली नाही हे पाहणीत आलंच आहे. म्हणजे ट्यूना मेलेला होता आणि कोणी तरी तो समुद्रात टाकला. मार्चच्या शेवटी वादळाने तळाचा गाळ ढवळला तेव्हा खाडीतल्या सगळ्यांचेच मासे गुदमरले. ते किनाऱ्यावर आणून खड्ड्यात पुरायचे असा नियम आहे. खड्डा लांब, ट्रकचं भाडं, वास, वर्तमानपत्रवाले. मला हे सगळं कळतं.

पण न्यायालयात हे आकडे वाचले की लोक काय म्हणतील माहीत आहे? ग्वेन खोटं बोलली म्हणतील. तिने मासे कापायच्या कारखान्याच्या फाटकावरून ट्यूनाची आतडी विकत घेतली आणि चोरून आमिष टाकलं. आतड्यांचा आकडाही तोच येणार. माझं यंत्र त्या दोन्हींत फरक करू शकत नाही. म्हणजे मी खरं तेवढंच बोलले, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, तरी एका निरपराध बाईचा बळी जातो.

फरक करू शकतो तो तू. आणि तुझ्या फोनमुळे मी.

तू आधी बोल, तोमा. मी बोलण्याआधी. तू स्वतःहून सांगितलंस तर दंड होईल, परवान्याला धक्का बसेल. पण ते तुझं बोलणं असेल.

नेदा


ॲडलेड, २७ ऑगस्ट

तोमा,

तू येऊन गेलास, ओरडलास, दार आपटून गेलास. मी अर्ध्या गोष्टी बोललेच नाही, म्हणून लिहिते.

तू आत येताच म्हणालास, "कॉफी नको. मी बसणार नाही." आणि बसलास. मग खिशातून कागद काढलास. हसू नको म्हणून मी ओठ दाबले, कारण माझा भाऊ, ज्याने शाळेत रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, मला विचारत होता, "शार्कच्या अंगात युरिया असतो. तो धुतला नाही तर नायट्रोजन चुकीचा येतो. धुतलास का?"

"धुतला."

"यकृतात तेल असतं. तेल कार्बनचा आकडा खाली ओढतं. ते काढलंस का?"

"काढलं. दोनदा."

"म्हणजे तू म्हणतेस ते शंभर टक्के?"

"नाही. शंभर टक्के काहीच नसतं."

"मग झालं तर!" तू टेबलावर हात मारलास. "तेवढंच बोल. शंभर टक्के नाही म्हण आणि खाली बस. कोण तुला अजून बोलायला सांगतंय? माझ्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत. परवाना गेला तर चाळीस घरं बसतात. एका ग्वेनसाठी?"

हे तुझ्या वकिलाने शिकवलेलं होतं, माझ्या लक्षात आलं. तुला हे वाक्य म्हणताना माझ्याकडे बघता येत नव्हतं.

मग मी विचारलं, "स्लाव्कोला माहीत होतं? तिथे मासे टाकलेत हे त्याला माहीत असतं तर तो त्या खडकावर शिंपले काढायला पाण्यात उतरला असता?" मी रागाने विचारलं होतं. तुला टोचायला. पण तुझा चेहरा जो झाला तो मी कधी पाहिला नव्हता. वडील गेले तेव्हाही नाही. तू उठलास, म्हणालास, "त्याचं नाव तुझ्या तोंडी आणू नकोस." आणि दार.

मासे तू टाकलेस हे तू नाकारलं नाहीस. गाडी सुरू झाल्यावर मला ते जाणवलं.

मी खोटं बोलणार नाही. ही पत्रं मी तुला लिहिली हे विचारलं तर तेही सांगेन. आजपासून साक्ष होईपर्यंत मी फोन उचलणार नाही. आईचाही नाही, कारण तू तिला पुढे करशील.

नेदा


पोर्ट हॅलोरन, ४ नोव्हेंबर, दुपार

तोमा,

मी गावात आले आहे. घरी उतरले नाही, बंदरासमोरच्या मोटेलमध्ये आहे. इथली पोरगी मला किल्ली देताना म्हणाली, "तुम्ही त्या शार्कवाल्या ना? उद्या सांगा त्या म्हातारीला चांगलं." म्हातारी म्हणजे ग्वेन. तिच्या घराच्या भिंतीवर कोणी लाल रंगात 'खुनी' लिहिलंय. ती खरवडत होती, मी येताना पाहिलं. एका हाताने शिडी धरून.

डनीडनहून मेरेआनाचे आकडे आले. माझ्याशी तंतोतंत जुळतात. माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात होतं की जुळू नयेत. यंत्र बिघडलं असावं, माझी चूक झाली असावी. चाळीस माणसांचं तू म्हणालास ते माझ्याही डोक्यातून जात नाही.

आई मोटेलवर चालत आली. त्या गुडघ्यांनी. पिशवीत कोबीच्या पानांत गुंडाळलेले खिम्याचे गोळे, अजून गरम. मी खात असताना समोर बसून राहिली. मग म्हणाली, "मी तुझ्या बापाबरोबर आपल्या देशातल्या बेटावरून इथे आले तेव्हा आम्हाला विचारणारं कोणी नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांना धरून ठेवलं म्हणून उभे राहिलो. तू उद्या काय करणार आहेस ते मला सांगू नकोस. फक्त एवढं सांग, त्याला आधी बोलायची संधी आहे ना?"

मी म्हटलं, "आहे. सकाळी त्याची साक्ष आहे, माझी नंतर."

"मग तो बोलेल," ती म्हणाली आणि भांडं घेऊन गेली.

तिने ते इतक्या खात्रीने म्हटलं की मला तिच्यासाठी भीती वाटली.

हे पाकीट मी तुझ्या कचेरीच्या दारात सारून येते. उद्या सकाळी, तोमा. पहिल्या प्रश्नालाच. तो सगळ्यांत सोपा जाईल.

नेदा


ॲडलेड, २१ नोव्हेंबर

तोमा,

तू हे वाचशील की फाडशील माहीत नाही. तरी माझ्या बाजूने काय झालं ते तुला कळायला हवं, कारण तू तेव्हा जमिनीकडे बघत होतास.

तुला विचारलं, मेलेल्या मासळीचं काय करता. तू म्हणालास, "प्रत्येक मासा किनाऱ्यावर येतो आणि खड्ड्यात जातो." मोठ्या आवाजात म्हणालास. आई दुसऱ्या रांगेत होती. तिने डोळे मिटले. यागोदा तिच्या शेजारी होती, ती मात्र तुझ्याकडे टक लावून बघत होती.

मग ग्वेन. तिला तुमच्या वकिलाने सोलून काढलं. "संगीत? शार्क संगीत ऐकायला येतात? कोणतं आवडतं त्यांना?" लोक हसले. न्यायाधीशबाईंनी त्यांना गप्प केलं.

मग मी. आकडे सांगितले. तुमचा वकील उठला, अगदी नम्र.

"हा शार्क कुठे जेवला हे तुम्ही सांगू शकत नाही?"

"नाही."

"कोणी पर्यटकांच्या बोटीवरून ट्यूनाची आतडी टाकली असती तर हाच आकडा आला असता?"

"आला असता."

"आभारी आहे. बसा आपण."

मी बसू शकले असते, तोमा. एक शब्द खोटा बोलले नव्हते. खुर्ची दोन पावलांवर होती. मी पाहिलं की ग्वेन माझ्याकडे बघतही नव्हती, तिने आशाच सोडली होती. आणि मला एकदम इतका संताप आला, तुझा, तिचा, माझा, त्या नम्र माणसाचा, की माझा आवाज चिरका निघाला. "मला अजून सांगायचंय."

वकील म्हणाला प्रश्न संपले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, सांगू द्या.

मी फोनचं सांगितलं. तू विचारलेले शब्द, मी दिलेलं उत्तर, माझा विनोद. पत्रांचंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुला परत बोलावलं. मला वाटलं होतं तू मला खोटी ठरवशील. तू म्हणालास, "हो. टाकले मी. बेटाच्या पलीकडच्या अंगाला. एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत." यावेळी हळू बोललास.

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"एवढी मासळी एकट्याने?"

"बोटीवर क्रेन आहे."

बस. यानंतर आई माझ्याशी बोललेली नाही. जिन्यावर तुझ्या कामगारांपैकी एक जण माझ्या पायाशी थुंकला. ग्वेनने बाहेर येऊन माझा हात धरला आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

परवाना निलंबित झाला असं वाचलं. खोट्या साक्षीचा खटलाही होईल म्हणतात. मी केलं ते योग्य केलं असं मला वाटतं. त्याने बरं मात्र वाटत नाही.

नेदा


पोर्ट हॅलोरन, ८ जानेवारी

नेदा,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. तुझी पत्रं सगळी वाचली. फाडली नाहीत.

आईला मी सांगितलं की नेदावर रुसू नकोस. येईल ताळ्यावर. तिला फोन कर, ती आपणहून करणार नाही.

तू त्या दिवशी तुझ्या घरात विचारलंस की स्लाव्कोला माहीत होतं का. कोर्टात पण विचारलं बरोबर कोण होतं. दोन्हीचं उत्तर एकच आहे म्हणून लिहितोय. स्लाव्को होता.

पहिल्यांदा तोच म्हणाला. मासे कुजत होते, ट्रकवाला येईना, तो म्हणाला कशाला खड्डा आणि बिड्डा, पलीकडे खोल आहे, एका फेरीत होतं. त्याने मदत केली. पैसे घेतले नाहीत. मग आम्हाला सवय लागली. दर आठवड्याला मरतात ते पण तिकडेच. शार्क जमायला लागले ते त्यानेच बघितले. तो म्हणाला तोमा आता बंद कर, माझे शिंपले त्या खडकावर आहेत. मी बंद केलं.

मग त्याला कधी उतरता येईल हा प्रश्न आला. मी म्हटलं नेदाला विचारतो. तो म्हणाला विचार, तिच्याइतकं कोणाला कळतं. म्हणून तो फोन.

मी त्याला सांगितलं दोन-तीन आठवडे. तो पूर्ण तीन आठवडे थांबला. वर दोन दिवस. म्हणाला दोन दिवस नेदाच्या नावाने.

खलाशाने त्याची हवेची नळी वर ओढली तेव्हा हलकी आली. तेव्हा मी माझ्या पिंजऱ्यांवर होतो. रेडिओवर ऐकलं.

मी ग्वेनवर ढकललं कारण कोणावर तरी ढकलायचंच होतं. ते घाण काम केलं. तिची भिंत मी रंगवून दिली, ती आतून बघत होती, बाहेर आली नाही. बोट मी बुडवली नाही, पण कोणी बुडवली ते मला माहीत आहे आणि तो तिला आता पैसे देतोय.

पण एकटा होतो हे मी मुद्दाम सांगितलं. यागोदाने चर्चमध्ये त्याचा फोटो लावलाय. लोक तिला जेवण आणून देतात. तिच्या नवऱ्याने स्वतःच ते शार्क तिथे बोलावले हे तिने ऐकावं असं मला वाटलं नाही.

तुला सगळं सांगून टाकायची सवय आहे. हे सांगायचं की नाही ते तू ठरव. मी आता काही ठरवत नाही.

तोमा


ॲडलेड, १६ फेब्रुवारी

तोमा,

तुझं पत्र वाचून मी आठ-दहा दिवस कामाला गेले नाही. आजारी आहे म्हणून कळवलं.

मी फोनवर 'बहुतेक' म्हणाले होते का? 'बहुतेक शार्क पांगतात,' असं? कारण खरं उत्तर ते आहे. खुणा लावलेल्या शार्कपैकी बहुतेक जातात. काही जात नाहीत. मी वर्गात शिकवते तेव्हा हे न चुकता सांगते. तुला सांगितलं की नाही, आठवत नाही. न्यायालयात मी माझं उत्तर शब्दशः सांगितलं असं मला वाटलं होतं. आता त्याचीही खात्री नाही. तुला आठवत असेल तर मला कधी सांगू नकोस.

शनिवारी मी यागोदाकडे गेले. सांगायचं की नाही हे गाडी तिच्या दारात उभी करेपर्यंत ठरलं नव्हतं. ती अंगणात वाळूत सिमेंट कालवत होती. पायरी फुटली होती, स्लाव्को करणार होता म्हणे. मी म्हटलं, "यागोदा, तोमाचं पत्र आलंय. तुझ्याशी बोलायचंय."

तिने फावडं ठेवलं नाही. म्हणाली, "स्लाव्को त्याच्याबरोबर होता, हेच ना?"

मी मान डोलावली.

"एप्रिलमध्ये तो घरी आला तेव्हा त्याचे कपडे मी तीनदा धुतले. शेवटी जाळले. कुजलेल्या ट्यूनाचा वास मला कळत नाही होय? वीस वर्षं कारखान्यात मासे कापलेत मी. त्याला विचारलं तर म्हणे, तोमाची जाळी दुरुस्त करत होतो."

"मग तू कोर्टात का बोलली नाहीस?"

"मला बघायचं होतं तोमा त्याचं नाव घेतो का. पहिल्या दिवशी घेतो की काय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला सरळ विचारलं, कोण होतं बरोबर. मेलेल्या माणसावर टाकायला काय लागतं? त्याची शिक्षा अर्धी झाली असती." ती थांबली. फावड्याने सिमेंटचा गोळा उगीच फोडत राहिली. "नाही घेतलं त्याने."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, जवळ वगैरे आली नाही. मग म्हणाली, "आता ऐक. मी त्याला माफ केलेलं नाही. स्लाव्कोलाही नाही. तुझा तो फोन, त्याचंही मला अजून काय करायचं ते कळलेलं नाही. आठ महिने लोक दारात येतात, हळू बोलतात, भांडं ठेवून जातात. मला ओरडायचंय, नेदा. घसा फुटेपर्यंत ओरडायचंय. ज्याच्यावर ओरडायचं तो नाही. तोमाला पाठव."

मी विचारलं, कधी.

"रविवारी. चर्चनंतर. आणि सांग त्याला, फाटकातून परत जायचं नाही. मी काहीही बोलले तरी."

मग ती परत पायरीकडे वळली. मी गाडीपर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली, "तू पण ये."

म्हणून मी येत्या शनिवारीच गावात येते आहे. यावेळी घरी उतरेन, आईला सांग. रविवारी मला चर्चच्या पायऱ्यांवर भेट. आपण दोघं मिळून जाऊ.

नेदा